जास्त की कमी

प्रिय धाकटे,

तुझे फोन मी उचलत नाही म्हणून तू चिडली असशील. चिडायलाच हवं. मागे तू लागोपाठ फोन करत होतीस तेव्हा मी समोरच बसून तो वाजताना बघत होते. उचलला असता तर तू नेहमीसारखं विचारलं असतंस, कशी आहेस, मी नेहमीसारखं ठणठणीत म्हटलं असतं, आणि तू हसत म्हणाली असतीस, मग म्हण सतराचा पाढा. मी तो घडाघडा म्हटला असता. तुझा जीव भांड्यात पडला असता आणि तू परत तुझ्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या कापलेल्या केसांकडे वळली असतीस. म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मला पाढा विचारता येत नाही.

आधी एक सांगून ठेवते. या पत्रात आकडे फारसे सापडणार नाहीत, आणि जे सापडतील त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. पाढ्यातले तेवढे खरे. बाकीचे माझ्या तोंडाला येतात, पण ते काय आहेत ते मला कळत नाही.

दवाखान्यातला तो दिवस तुला आठवतो ना? मेंदूचा झटका येऊन गेला होता, माझा उजवा हात अजून लुळा होता, जीभ जड होती, आणि डॉक्टर यायचे होते. तू खुर्ची ओढून बसलीस, माझे केस विंचरलेस आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणालीस, ताई, नवाचा पाढा म्हण बघू. बाबा जेवताना विचारायचे तसं. मी सुरुवात केली आणि अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत गेले. मग जिभेला जोर आला तशी सात आठे छप्पन्न, सतरा पाचे पंच्याऐंशी, काय काय म्हणत सुटले. तू रडलीस. वॉर्डातल्या सिस्टरने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते, तेही हसले, आणि कागदावर काहीतरी चांगलं लिहून गेले. आपल्या घरात शाबूत डोक्याची दुसरी परीक्षाच नव्हती. तू सातावर अडकायचीस आणि मी तिशीपर्यंत जायचे, म्हणून मी हुशार आणि तू ढ. तुझा हातचा कायम राहून जायचा, बोटं मोजताना आई बघेल म्हणून तू हात टेबलाखाली धरायचीस, आणि तू नापास झालीस की बोलणी मला बसायची, की एवढी डोकेबाज बहीण असून काय उपयोग. त्या हिशेबाने मी त्या दिवशी दवाखान्यात पहिल्या नंबराने पास झाले. तू निश्चिंत होऊन परत गेलीस. तुझं काही चुकलं नाही. मीसुद्धा निश्चिंतच होते.

पाढे डोक्यात कुठेतरी गाण्यांच्या शेजारी ठेवलेले असतात, असं मला नंतर समजलं. ते मोजणं नसतंच मुळी. मला वाचा-उपचार देणाऱ्या बाई आहेत, बारीक, चष्म्याच्या, फार मऊ बोलणाऱ्या. त्यांनी एकदा विचारलं, दोन आणि चार यांच्या मध्ये कोणता अंक येतो. मी म्हटलं, सात. अगदी ठामपणे म्हटलं.  मग त्यांनी टेबलावर पत्ते मांडले, एकेकावर एकेक आकडा, आणि म्हणाल्या, यातला मोठा उचला. मी सुबक वळणाचा होता तो उचलला. धाकटे, मला त्यात काही चुकतंय असं जाणवतच नव्हतं. पाय घसरला तर पोटात धस्स होतं, मीठ जास्त पडलं तर जिभेला कळतं. इथे काहीच होत नाही. आकडा समोर असतो, त्याचं नाव आठवतं, कधी भलतंच आठवतं, पण तो जास्त आहे की कमी आहे, हे जे आपल्याला कुणी न शिकवता कळतं, ते गेलं आहे. डाव्या कानाच्या वर, थोडं मागे, नखाएवढी जागा आहे म्हणे. तेवढीच गेली.

बाकी सगळं आहे, हे तुला सांगितलं तर तू वेड्यात काढशील. ऑफिसातला लंबू तुला ठाऊक आहे, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, दारातून वाकून येणारा. तो घरी आला की माझी चाचणी घेतो. त्याने अ अधिक ब यांचा वर्ग विचारला, मी तो नीट उलगडून दाखवला. विषम आणि विषम मिळून सम संख्याच का येते, हे मी त्याला एकही आकडा न घेता पटवून दिलं, आणि त्याला मानावं लागलं. मग त्याने तीन अधिक पाच विचारलं. मी खिडकीकडे बघत राहिले. गणित जागेवर आहे, अंकगणित गेलं. घर उभं आहे आणि जमीन नाही, असं मी त्याला म्हटलं तेव्हा तो खूप वेळ चष्मा पुसत होता.

आमच्या कामात अंकगणिताला कुणी मान देत नाही. ते चौथीतल्या मुलांचं. कॉलेजात आम्हीच नाक मुरडायचो. पण तुला माहीत आहे, मी आयुष्यभर तेवढंच केलं. दुकानातल्या वजनकाट्यांच्या पोटात जी चिप असते, तिला बेरीज कशी करायची ते शिकवणं हे माझं काम. स्वस्तातली चिप. तिला गुणाकार येत नाही, भागाकार तर नाहीच. दुप्पट करायची तर आकडे एक घर डावीकडे सरकवायचे. (आता डावीकडे कुठे ते मला विचारू नकोस, तेही अधूनमधून हरवतं.) हातचा ठेवायला तिच्याकडे एकच चिमुकली जागा असते, आणि तो वेळेत उचलला नाही तर पुढच्या बेरजेत पुसला जातो. तू तिच्या जागी असतीस तर कंपनी बुडाली असती. आणि तिची एक खोड अशी की दोनशे पंचावन्नाच्या पुढे एक टाकला की ती शून्यावर येते. हा आकडा मी तुला पाठ म्हणून सांगते आहे, मला त्यातलं काही उमगत नाही. मुद्दा असा की शून्यावर आल्यावर ती थांबत नाही, अडखळत नाही, लाजत नाही. भरलेल्या पोत्याचं वजन ती रिकाम्या ताटलीएवढं सांगते, त्याच शांतपणे. म्हणून आम्ही जागोजागी कुंपणं घालायचो. इतक्याहून जास्त आलं तर विश्वास ठेवू नकोस, इतक्याहून कमी आलं तर परत मोज. मशीनला बेरीज शिकवता येते, पण हे जरा अतीच होतंय असं वाटणं शिकवता येत नाही. ते आमच्या डोक्यातून काढून तिच्यात घालावं लागायचं. आता माझं डोकंच त्या चिपसारखं झालं आहे, आणि कुंपण घालायला कुणी नाही.

ऑफिसने मला घरी बसवलं आहे. फार चांगल्या शब्दांत. साहेब म्हणाले, विश्रांती घ्या, जागा तुमचीच आहे. माझ्या जागेवर बसलेली मुलगी फोन करून शंका विचारते आणि मी तिला नीट उत्तरं देते, फक्त किती हा शब्द आला की ती आपोआप थांबते. तिला कुणीतरी सांगून ठेवलेलं दिसतं. येणारा जाणारा मला धीर देतो की अगं, बेरीज तर फोनसुद्धा करतो, तुझं काय अडलंय. मी हसते. वाद घालायचं त्राण नाही मला.

माझं काय अडलंय ते सांगते. खारू.

माझ्या लेकीच्या साखरेबद्दल तुला सगळं माहीत आहे, पण रोजचं गणित तू कधी केलं नाहीस, म्हणून सांगते. ती जेवायला बसली की आधी बोटाला टोचून रक्तातली साखर बघायची. मग ताटात भात किती, पाव किती, दूध किती, हे नजरेने जोखायचं, त्यातलं पिष्ट किती ते मनात मांडायचं, त्याला तिच्या ठरलेल्या आकड्याने भागायचं. रक्तात साखर जास्त असेल तर त्यात थोडी भर घालायची, कमी असेल तर वजा करायचं. ती खेळून आली असेल तर आणखी कमी. मग इन्सुलिनच्या पेनाचं टोक तेवढं फिरवायचं आणि टोचायचं. प्रत्येक जेवणाला, प्रत्येक खाण्याला. कमी पडलं तर साखर चढते आणि हळूहळू सगळं पोखरते. जास्त झालं तर ती उतरते, आणि उतरते तेव्हा हळूहळू नाही. तिचा बाबा होता तेव्हा चेष्टा करायचा, की तुझी आई वाढतानाच भागाकार करते. तो गेल्यावर तू म्हणाली होतीस, दोघी माझ्याकडे या. मी म्हटलं, मला जमतं. जमतही होतं गं. चौथीचं अंकगणित होतं, आणि त्याच्यावर माझी लेक जगत होती.

मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा लंबूने फोनवर एक सोय करून दिली. जेवणाची चित्रं असतात, त्यातलं काय आणि किती ते निवडायचं, रक्ताच्या मशीनवरचा आकडा बघून बघून टाकायचा, आणि फोन मोठ्याने सांगतो किती टोचायचं. मी ते खारूला सांगायचे, ती म्हणायची, हो आई, पेन फिरवायची, टोचून घ्यायची आणि जेवायला लागायची. मला वाटलं, सुटलो. कातडीला चिकटवून आपोआप साखर सांगणारं यंत्र मिळतं, तेही आणून बघितलं, पण तिच्या दंडावर पुरळ उठलं आणि ते काढावं लागलं. काही बिघडलं नाही, आमचं चाललं होतं. मध्यंतरी तिच्या डॉक्टरांनी रक्ताचा मोठा तपास केला आणि म्हणाले, वा, इतका छान रिपोर्ट तर आधीही नव्हता, आईचा हिशेब पक्का दिसतो. मी आठवडाभर त्या वाक्यावर जगले. खारू शेजारी बसून बुटाची नाडी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही.

मग लंबू जेवायला आला. बायको माहेरी म्हणून मीच बोलावलं होतं. साधंच जेवण, भात, अंडी, उकडलेल्या भाज्या. खारूला भूक नव्हती, तिने चमचाभर भात घेतला. मी चित्रं निवडली, आकडा टाकला, फोन बोलला, मी खारूला सांगितलं, ती म्हणाली, हो आई. पेन फिरवलं, टोचलं, जेवली. लंबू मध्येच बोलायचा थांबला होता. मला वाटलं, अंडी कच्ची राहिली. निघताना तो मला फाटकापर्यंत घेऊन गेला आणि तिथे म्हणाला, की तू चमचाभर भाताला भरलेल्या ताटाचं चित्र निवडलंस. फोनने त्याचं उत्तर चोख दिलं. पण खारूने तेवढं घेतलं नाही. तिने पेन टेबलाच्या कडेखाली धरलं, ओठ हलवत मनात काहीतरी केलं, आणि थोडंसंच फिरवलं. त्याने तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने मान हलवून त्याला गप्प राहायला सांगितलं. मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला सांगावं तसं. लंबू हे सांगताना रडत होता, आणि त्याला धीर मला द्यावा लागला.

मी तिला काही विचारलं नाही. कसं विचारू? मी फक्त बघायला लागले. आणि मग जे दिसायला लागलं त्याने माझी झोप उडाली. घड्याळ मी बघते आणि वेळ ती सांगते. ओव्हन मी लावते आणि मागून येऊन बटण ती फिरवते. बस आली की मी पाटी वाचायच्या आत ती म्हणते, ही नाही, पुढची. हे सगळं इतक्या सहज, की मला वाटत होतं मी सुधारते आहे. मैत्रिणीकडे राहायला जायचं तिने कधीच बंद केलं आहे. शाळेची सहल होती, नाही गेली. म्हणाली, कंटाळा येतो. नऊ वर्षांच्या मुलीला सहलीचा कंटाळा येतो, आणि मी विश्वास ठेवला. नऊच ना गं ती? तू तरी नीट सांग.

इथवर वाचून तू म्हणशील, पोरगी हुशार आहे, सांभाळते आहे, काळजी कसली. मीही मनाला तेच सांगत होते. वाटायचं, माझं डोकं तिच्यात गेलं, वाया नाही गेलं. एवढी निर्लज्ज झाले होते मी. मग ती दुपार आली.

ती शाळेतून धावत आली होती. बस चुकेल म्हणून पळाली असणार. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ती बेरजांचा गृहपाठ करत होती आणि मी ओट्याशी कांदा कापत होते. ती हसत होती. मला छान वाटलं. मी जाऊन बघितलं तर ती भराभर उत्तरं लिहीत होती. दुसरी कुठलीही आई असती तर तिला दिसलं असतं की ओळीच्या ओळी एकच आकडा लिहिला आहे. मला दिसलं नाही. मी तिच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा फ्रॉक ओला लागला. मान गार. मी विचारलं, खारू, काय होतंय, तर ती माझ्याकडे बघून हसली आणि तिने मला ओळखलं नाही.

साखर उतरली की डोक्यातलं सगळ्यात आधी काय जातं, माहीत आहे? हिशेब. डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की शंका आली तर तिला सोपी बेरीज विचारा, चुकली तर समजा. म्हणजे या घरात जिच्या डोक्यावर सगळं चालतं, तिचं डोकं नेमकं तेव्हाच जातं जेव्हा त्याची गरज असते. आणि तेव्हा उरते मी.

मी तिचं बोट टोचलं. मशीनवर आकडा आला. मी त्याच्याकडे बघत राहिले, धाकटे. तो जास्त असेल तर इन्सुलिन, कमी असेल तर साखर. एक दिलं तर वाचते आणि दुसरं दिलं तर जाते. आकडा स्पष्ट होता, मोठ्या अक्षरात होता, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा बघावा तसा मी तो बघत होते. मग फोनची आठवण झाली. घाईघाईने मी आकडा टाकला आणि फोन त्याच्या शांत आवाजात बोलला, इतकं इन्सुलिन द्या. एक आकडा दोनदा दाबला गेला होता, म्हणून फोनला साखर खूप चढलेली वाटली, हे लंबूने नंतर फोन बघून सांगितलं. फोनचा हिशेब बरोबर होता. त्याला विचारलं होतं त्याचं त्याने बिनचूक उत्तर दिलं.

मी पेन हातात घेतलं. हे मी तुलाच सांगते आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पेन उघडलं, टोक फिरवलं, तिची बाही वर केली. आणि तिचा दंड इतका गार, इतका घामाने निथळत होता, की सुई टेकवायच्या आधी माझा हात थांबला. दवाखान्यातल्या एका सिस्टरचं बोलणं आठवलं, की घाम सुटला तर साखर द्या, विचार करत बसू नका. मी पेन फेकलं. डब्यातली साखर मुठीने तिच्या तोंडात कोंबली, पाणी पाजलं, परत कोंबली. ती थुंकत होती आणि मी तिचा जबडा धरून बसले होते. किती वेळ, ते मला विचारू नकोस.

ती भानावर आली तेव्हा तिने पहिलं काय विचारलं असेल? आई, किती दिलीस. मी साखरेचा डबा तिच्यापुढे केला. तिने डब्यात डोकावून अंदाज घेतला, मनात काहीतरी मांडलं, परत बोट टोचून बघितलं, आणि म्हणाली, ठीक आहे. मग फडकं घेऊन जमिनीवरची साखर पुसायला लागली, मुंग्या येतील म्हणून. पेन कोपऱ्यात पडलं होतं. तिने ते उचललं, किती फिरवलं आहे ते बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली. नंतर टोक परत शून्यावर आणून झाकण लावून ठेवलं. मला म्हणाली, घाबरू नकोस, मी आहे ना.

मी विचारलं तिला, कधीपासून. ती म्हणाली, तू दवाखान्यातून आलीस त्याच दिवसापासून. मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली, तुला वाईट वाटलं असतं. आणि मग अगदी समजूतदारपणे म्हणाली, आता मी धावणार नाही, म्हणजे साखर उतरणार नाही. शाळेत डब्याच्या सुट्टीत ती आता बाकावर बसून राहते. बाईंनी फोन करून विचारलं, मुलगी आजारी आहे का.

लंबू रोज संध्याकाळी येतो आणि फोनमध्ये कुंपणं घालत बसतो. आकडा दोनदा दाबला तर विचारेल, फार जास्त वाटला तर ओरडेल. भला माणूस आहे. त्याला वाटतं, कुंपणं पुरेशी घातली की काम होईल. माझे या धंद्यात केस पिकले आहेत, मला ठाऊक आहे की कुंपणाच्या बाहेर कायम एक माणूस लागतो, ज्याला नुसतं बघून कळतं की हे भलतंच आहे. शेजारच्या काकू चांगल्या आहेत, पण दुपारी त्या कानातलं यंत्र काढून झोपतात, मग त्यांना काही ऐकू येत नाही. वाचा-उपचाराच्या बाईंना मी सरळ विचारलं, हे परत येईल का. त्या चष्मा काढून म्हणाल्या, प्रयत्न करत राहू. त्यांना खोटं बोलता येत नाही.

तेव्हा हे पत्र यासाठी, की तू ये आणि तिला घेऊन जा. राहायला, शिकायला, मोठी व्हायला. तू इकडे येऊन राहा असं मी म्हणणार नाही, तुझं दुकान तू कसं उभं केलंस ते मी पाहिलं आहे. आणि मलाही बरोबर चल म्हणू नकोस. मी ज्या घरात असेन त्या घरात ती मूल होणार नाही, माझ्यावर डोळा ठेवून बसेल आणि तुझाही हिशेब तपासेल. हिशेब तुला तिथल्या डॉक्टरांकडच्या सिस्टर एका सकाळी शिकवतील. तू चुकशील, परत करशील, आणि चुकलं की तुला धस्स होईल. मला तेवढंच हवं आहे. तिला धावू दे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, माझ्याने होत नाही, ते तू सांग. ती रडणार नाही. ती विचारेल, किती दिवसांसाठी. तिला आकडा सांगू नकोस. सांगितलास तर ती रोज एक वजा करेल, आणि शून्य आलं की पिशवी भरून दारात उभी राहील. मी इथे काही मोजत बसणार नाही, मला ते येत नाही. मला रोज ती आजच गेल्यासारखी वाटेल. लवकर ये.

तुझीच,
ताई